काल नसलेलं मशीन

जुना कॉम्प्युटर बंद पडतो तेव्हा त्याच्याबद्दल एक मोलाची गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते: तो काल चालत होता. प्रोसेसरचं आणि बोर्डाचं जमतं, रॅम योग्य जातीची आहे, वायरी जिथल्या तिथे आहेत, एसएमपीएसला एवढा भार झेपतो, हे सगळं कालपर्यंत रोज सिद्ध होत होतं. बिघडलं ते बहुधा एकच काहीतरी, आणि तेवढं सापडलं की काम झालं. नुकत्याच असेंबल केलेल्या मशीनला असा काल नसतो. त्यातले सहा-सात भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असतात, त्यांतले कुठलेही दोन याआधी एकमेकांशेजारी बसून चाललेले नसतात, आणि त्यांना जोडणारा माणूसही पुष्कळदा पहिल्यांदाच जोडत असतो. म्हणून अशा मशीनपुढे बसताना 'काय बिघडलं' असं विचारून भागत नाही. 'काय काय ठीक आहे' हे एकेक करत सिद्ध करावं लागतं. या पुस्तकातली सगळी प्रकरणं याच एका गोष्टीवर उभी आहेत, आणि म्हणूनच जुन्या मशीनच्या दुरुस्तीचा विषय मी यात घेतलेला नाही.

दोन्हींत किती अंतर आहे ते खोडरबरावरून कळतं. आपल्याकडे रिपेअरिंगच्या कुठल्याही टेबलावर स्क्रूड्रायव्हर आणि ब्रश यांच्या जोडीला एक खोडरबर पडलेला असतोच. डिस्प्ले येत नाही म्हटलं की रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर रबर फिरवायचा, फुंकर मारायची आणि परत बसवायची. पाच-सात वर्षं धूळ आणि दमट हवा खाल्लेल्या मशीनवर, विशेषतः कोकणपट्टीत, हा उपाय खरोखर लागू पडतो. पण काल पाकिटातून काढलेल्या रॅमवर पुसण्यासारखं काही नसतं. तिथे रबर घासून मशीन चालू झालंच, तर श्रेय रबराचं नाही. आधी अर्धवट बसलेली रॅम दुसऱ्या खेपेला नीट बसली, इतकंच. हल्ली बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या खाचेला एकाच टोकाला हलणारा खटका असतो. तो 'टक्' वाजला की माणूस निश्चिंत होतो, आणि दुसरं टोक दीड-दोन मिलिमीटर वर राहून जातं.

तक्रार ऐकण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. 'चालू होत नाही' या तीन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. फोनवर मी विचारतो, "बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?" उत्तर येतं, "काहीच होत नाही." जरा खोदून विचारलं की समजतं, पंखे फिरतात, लाइट लागतात, फक्त स्क्रीन काळी आहे. याला काहीच नाही कसं म्हणायचं? मशीन अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेलं आहे. एखाद्याचा पंखा जेमतेम हलतो आणि थांबतो. एखाद्याचं मशीन चालू होतं, मिनिटभरात आपोआप बंद पडतं. एखाद्याला बायोसचा स्क्रीन दिसतो, पण विंडोज काही सुरू होत नाही. हा शेवटचा माणूस खरं तर सुटलेला असतो, त्याचं हार्डवेअर बहुतेक सगळं पास झालेलं आहे. मशीन ज्या पायरीवर थांबलं ती पायरी ओळखता आली की संशयितांची यादी निम्म्याहून खाली येते. आणि पायरी ओळखायची तर बटण दाबल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत आत काय घडतं ते माहीत हवं.

पॉवर केबल लावून एसएमपीएसच्या पाठीवरचा स्विच चालू केला, की कॅबिनेटचं बटण न दाबताही मशीन थोडं जागं होतं. एसएमपीएस एका जांभळ्या वायरीतून बोर्डाला सतत ५ व्होल्ट पुरवत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. बऱ्याच बोर्डांवर त्यावरच एक बारीक दिवा लागतो, आणि तो दिसला तरी भिंतीतल्या प्लगपासून बोर्डापर्यंतचा रस्ता मोकळा आहे हे कळतं. कॅबिनेटचं बटण दाराच्या बेलसारखं असतं, दाबलं तेवढ्यापुरतं दोन पिनांना जोडतं आणि सुटतं. त्या दोन पिनांना उलटसुलट असा प्रकार नाही, त्यामुळे 'पॉवर स्विच उलटा लागलाय का' ही शंका मनातून काढून टाकावी. दिव्यांच्या वायरींना मात्र बाजू असते, आणि त्या चुकल्या तर दिवा लागत नाही एवढंच. बटणाचा इशारा मिळाला की बोर्ड एसएमपीएसकडून येणारी हिरवी वायर ग्राउंडला जोडतो, आणि मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइनी सुरू होतात. त्यांना पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी. सगळ्या लाइनी स्थिर झाल्या की एसएमपीएस करड्या वायरीतून 'ठीक आहे' असा संकेत पाठवतो. यात १०० ते ५०० मिलिसेकंद जातात, आणि तो संकेत येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. (नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, त्यामुळे रंगांवर विसंबून राहू नका. २४ पिनी कनेक्टरवर हिरवीचा क्रमांक १६, जांभळीचा ९ आणि करडीचा ८.)

मग प्रोसेसर सुटतो आणि आपली पहिली सूचना ४ जीबीच्या रेषेच्या बरोबर १६ बाइट खालच्या पत्त्यावर शोधतो. तो पत्ता बायोसच्या चिपकडे नेलेला असतो. या घडीला मशीनजवळ मेमरी नसते! रॅम खाचेत बसलेली आहे, पण तिची ओळख पटलेली नाही. बायोस प्रोसेसरच्या आतल्या कॅशचाच तात्पुरती मेमरी म्हणून वापर करतो, प्रत्येक रॅमवरच्या छोट्या चिपमधून तिची माहिती वाचतो, वेळा जुळवतो, आणि रॅम हाताशी आल्यावर मग ग्राफिक्सकडे वळतो. म्हणजे स्क्रीनवर अक्षर उमटण्याआधीच बरंच काही घडून गेलेलं असतं, आणि त्यात काही अडलं तर ते स्क्रीनवर लिहून सांगायची सोयच नसते.

म्हणून बीप. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हापासून ही पद्धत आहे: एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, बाकीचे आवाज म्हणजे काहीतरी अडलं. स्क्रीन येण्याइतकी मजल मारली असेल तर आकडा दिसायचा, ३०१ म्हणजे कीबोर्ड, हे त्या काळच्या मेकॅनिकांना झोपेतही पाठ असे. आज बरेच बोर्ड आणि कॅबिनेट स्पीकरशिवायच येतात, आणि ही मला कंपन्यांची कोती काटकसर वाटते. चार पिनांचा तो बारीक बझर बाजारात किरकोळ किमतीत मिळतो, पार्ट घेतानाच एक घेऊन ठेवावा. त्याच्या जागी आता अनेक बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं छापलेले चार छोटे दिवे असतात. जिथे अडलं तिथला दिवा लागून राहतो. महागड्या बोर्डांवर दोन आकडी कोड दिसतो; बऱ्याच बोर्डांवर ५५ आला की रॅम सापडत नाही असं समजावं. माझ्या अनुभवात लोक बोर्डाच्या रंगीत रोषणाईकडे तासभर बघतात आणि कोपऱ्यातल्या या चार दिव्यांकडे एकदाही नाही.

आपण घरी बसून कॉम्प्युटर जोडू शकतो याचं मूळही त्या १९८१ च्या मशीनमध्येच आहे. आयबीएमने ते बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवलं आणि तांत्रिक पुस्तिकेत बायोसचा सगळा मजकूरही छापला. नकला निघाल्या, भाग सुटे विकले जाऊ लागले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं, आणि म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) एका दुकानातून घेतलेला बोर्ड दुसऱ्या दुकानातल्या कॅबिनेटात बसतो. पण एटीएक्सने सगळंच बांधून दिलेलं नाही. पुढच्या पॅनेलच्या वायरी अजून सुट्या पिनांवर एकेक लावाव्या लागतात. आणि सुट्या केबलवाल्या, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसच्या आतल्या टोकाला कसलंच सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला अगदी व्यवस्थित बसते आणि हार्ड डिस्क जाळून टाकते. घरात जुन्या केबली पडल्या आहेत म्हणून त्या कधीही वापरू नका. या एका वाक्यासाठी कोणी हे पुस्तक विकत घेतलं तरी पैसे वसूल आहेत.

आता पंख्याबद्दल. पंखा फिरतोय म्हणजे बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, अशी एक समजूत दुकानांपासून घरांपर्यंत घट्ट बसलेली आहे. पंख्याला फिरायला १२ व्होल्ट लागतात, बाकी काही लागत नाही. प्रोसेसरचा पत्ता नसला तरी तो फिरू शकतो. २००० सालाच्या सुमारास, पेंटियम ४ च्या काळात, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची केबल आली. आज ती बहुधा आठ पिनांची असते आणि बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कॅबिनेटच्या पत्र्याला खेटून लागते. तिथे हात पोचत नाही, म्हणून ती राहून जाते. ती नसताना बऱ्याच बोर्डांवर पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि स्क्रीन काळीच राहते. नव्या मशीनच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हीच केबल बघतो. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला तिची जुळी बहीण आहे, पण एकीत जिथे १२ व्होल्ट तिथे दुसरीत ग्राउंड. खाचांचे आकार वेगळे ठेवलेत ते त्याचसाठी. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर हात मागे घ्या.

पंखा जेमतेम हलून थांबतो त्या मशीनची गोष्ट वेगळी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला एक मुलगा वडिलांबरोबर असंच कॅबिनेट घेऊन आला होता. बटण दाबलं की पंखा पाव फेरा घ्यायचा, एसएमपीएसमध्ये बारीक 'टिक्' व्हायची, आणि सगळं शांत. दुकानदाराने बोर्ड डेड आहे असं सांगून टाकलं होतं. पण असा झटका देऊन थांबणारा एसएमपीएस आपलं काम चोख करत असतो. कुठेतरी शॉर्ट आहे म्हणून तो स्वतःला आणि बोर्डाला वाचवत असतो. आम्ही बोर्ड प्रोसेसर-रॅमसकट बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, एसएमपीएसच्या दोन केबली जोडल्या आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. डिस्प्ले आला. मग बॅटरी मारून कॅबिनेटच्या आतला पत्रा पाहिला. त्यावर पूर्ण आकाराच्या, ३०५ मिलिमीटर उंच बोर्डासाठी पितळी स्टँडऑफ आधीच बसवलेले होते, आणि या मुलाचा बोर्ड मायक्रो-एटीएक्स, २४४ मिलिमीटरचा. एक स्टँडऑफ अशा जागी आला होता की समोर बोर्डाला भोकच नाही. बोर्डाच्या पाठीवर सोल्डरच्या चार-पाच टोकांवर पितळेचा चकचकीत ओरखडा उठला होता. वडिलांनी विचारलं, "म्हणजे बोर्ड बदलायचा नाही?" म्हटलं, "नाही हो, एक नट काढायचाय." पकडीने तो फिरवून काढला आणि मुलाच्या हातात दिला.

कॅबिनेटाबाहेर, खोक्यावर, कमीत कमी भागांत मशीन चालवून बघणं हीच या पुस्तकातली मुख्य पद्धत आहे. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा कूलर, एकच रॅम आणि एसएमपीएस. रॅम दोनच असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, आणि एकटीला दुसरी खाच. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्डही नको. एवढ्यावर बायोसचा स्क्रीन आला की या पाच गोष्टींना एक 'काल' मिळाला. मग एकेक भाग वाढवायचा, प्रत्येक वेळी चालू करून बघायचं, आणि एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले आणि मशीन चालू झालं तर आनंद होतो, पण कशामुळे चाललं ते कळत नाही. पुन्हा अडेल तेव्हा तुम्ही जिथे होतात तिथेच असता. दुकानात हा संयम फारसा दिसत नाही, कारण तिथे कपाटात दुसरी रॅम, दुसरा बोर्ड, दुसरा एसएमपीएस असतो. बदलत गेलं की कधीतरी चालतंच. घरी जोडणाऱ्याकडे प्रत्येक भाग एकुलता एक. त्याला विचारच करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तोच पुढे चांगला मेकॅनिक होतो.

काही अडचणी अलीकडच्याच आहेत आणि त्यांना जुन्या अनुभवाचा उपयोग होत नाही. डीडीआर५ रॅम असलेलं मशीन, खास करून एएमडीच्या २०२२ पासूनच्या एएम५ सॉकेटवरचं, पहिल्यांदा चालू होताना रॅमच्या वेळा जुळवण्यात काही मिनिटं घालवतं. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. तोवर स्क्रीन काळी. तो काळोख पाहून लोक घाबरतात, बटण दाबून बंद करतात, आणि जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. काही बोर्डांच्या रॅमच्या खाचांवर 'थांबा' असं सांगणारं स्टिकरच चिकटवून आलं होतं. पहिल्या वेळी चहा करून यावा.

दुसरी अडचण बायोसच्या वयाची. सॉकेट तोच, बोर्डाच्या खोक्यावर प्रोसेसरचं घराणंही तेच, पण बोर्ड गोदामात वर्षभर पडून राहिला आणि प्रोसेसर त्यानंतर जन्मला. मग बोर्ड त्याला ओळखतच नाही. एएम४ सॉकेटवर हे वारंवार झालं. २०१८ मध्ये नवे प्रोसेसर घेणाऱ्यांना जुन्या बोर्डाचं बायोस बदलता यावं म्हणून एएमडीला चक्क दुसरा प्रोसेसर उसना द्यायची सोय करावी लागली होती. आता बऱ्याच बोर्डांच्या पाठीमागे प्रोसेसरशिवायच पेन ड्राइव्हवरून बायोस चढवायचं बटण असतं. बोर्ड निवडताना ते आहे का बघा, रंगीत दिवे नसले तरी चालतील.

तिसरी सगळ्यात स्वस्तात सुटणारी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यांत ग्राफिक्स नसतं. हे प्रोसेसर २०१९ पासून सर्रास विकले जातात, कारण थोडे स्वस्त पडतात. एएम४ वरच्या, नावाशेवटी 'जी' नसलेल्या रायझनचंही तेच. अशा मशीनवर मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर जन्मात डिस्प्ले यायचा नाही, ती कार्डालाच लावावी लागते. आणि मिनिटभर चालून बंद पडणाऱ्या मशीनवर आधी कूलर काढून बघा, त्याच्या तळाची पारदर्शक फिल्म कुणी सोललीच नसेल. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी वेग कमी करतो, तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद करतो.

विजेबद्दल एक संपूर्ण प्रकरण पुढे आहे. इथे तीनच गोष्टी सांगतो. एसएमपीएसचं खोकं उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाने साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच असते. जुन्या एसएमपीएसच्या पाठीवर ११५ आणि २३० असा लाल स्विच असेल तर तो २३० वर आहे याची खात्री प्लग लावायच्या आधी करा, नंतर उपयोग नाही. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका, सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर मेनच्या निम्म्या व्होल्टेजचा ताण उभा राहतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तिसरी पिन आहे, पण तिच्यामागे वायर नाही.

हे सगळं करूनही मशीन उठलं नाही, तर एखादा भाग मुळातच खराब आला असण्याची शक्यता उरते. असं होतं, कारखान्यातून मेलेला माल येतो. फक्त तो निष्कर्ष शेवटी काढायचा असतो, आणि तो काढेपर्यंत तुमच्याकडे दुकानदाराला सांगण्यासारखं काहीतरी ठोस हवं. 'चालत नाही' म्हणणाऱ्याला काउंटरवर ताटकळत ठेवतात. 'बोर्ड खोक्यावर ठेवून, एका रॅमवर, दोन्ही केबली लावून पाहिलं. सीपीयूचा दिवा लागून राहतो' असं सांगणाऱ्याशी दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो. बिलं आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा जवळून एक स्पष्ट फोटो काढा, कारण इंटेलच्या सध्याच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये सतराशे किंवा त्याहून जास्त केसासारख्या पिना असतात आणि त्यांतली एक वाकली तरी दोष ग्राहकाचा ठरतो. आणि प्रोसेसर बसवून खटका लावला की त्या सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी उडून बाहेर पडते, ती कचऱ्यात टाकू नका. वॉरंटीत देताना सॉकेटवर ती टोपी नसेल, तर बऱ्याच सर्व्हिस सेंटरमध्ये बोर्ड काउंटरवरूनच परत करतात.